अण्णांचा पाय आणि मायचा हात

अण्णांच्या पायाला जखम झाली, हे सगळ्यांत आधी माझ्या फरशीला कळलं. पडेगावला आमचं नवं घर होऊन वर्षही झालं नव्हतं. पांढरी फरशी मी नवऱ्याशी भांडून बसवून घेतली होती आणि तिच्यावर डाग दिसला की माझा पारा चढायचा. त्या दिवशी माझे वडील, म्हणजे अण्णा, माळावरून आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि खुर्ची सोडून नेहमीसारखे भिंतीला टेकून खाली बसले. दारापासून भिंतीपर्यंत तांबूस ठिपक्यांची रांग उमटली होती. मी म्हणाले, "अण्णा, साऱ्या मुलखात चिखल उरला नाही, तुम्ही हे काय तुडवून आणलंत?" त्यांनी मेंढीचा खूर उचलून बघावा तसा स्वतःचा तळवा उचलून बघितला आणि शांतपणे म्हणाले, "खिळा हाय वाटतं."

खिळाच होता. सेंट्रिंगच्या फळीतला, गंजलेला, चपलेतून आरपार गेलेला. तो कधी घुसला ते त्यांना सांगता येईना. आज सकाळी असेल, काल असेल. बाभळीचा काटा लागला तरी खाली बसून तो काढल्याशिवाय पुढं पाऊल न टाकणारा माणूस पायात खिळा घेऊन हिंडत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. याची भीती मला नंतर वाटली. आधी राग आला. मला आधी रागच येतो, त्याला आता इलाज नाही.

आम्ही मेंढरांमागची माणसं. मूळ गाव अजिंठ्याकडचं, घाटाच्या वरचं. दिवाळी झाली की अण्णा आणि माय कळप घेऊन खाली उतरायचे, गोदावरीकडच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवत बसवत उन्हाळा काढायचे आणि पावसाच्या आधी परत वर जायचे. या फेऱ्यात पडेगावच्या माळावर मुक्काम ठरलेला असायचा. मी शाळेसाठी मामाकडे राहिले, शिकले, शिक्षिका झाले, वाळूजला कंपनीत असलेला नवरा मिळाला, आणि आम्ही प्लॉट घेतला तो नेमका त्याच माळावर. अण्णा वास्तुशांतीला आले तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभे राहून म्हणाले, "इथं आमची वाघूर लागायची." वाघूर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. माझ्या सासरच्या एका बाईनं नाकाला पदर लावला. मला हसूही आलं आणि अण्णांचा राग पण आला.

ती दुष्काळाची वर्षं होती. एक संपलं म्हणेपर्यंत दुसरं लागायचं. पावसाळा लागूनही घाटावर गवत उगवलं नाही, म्हणून कळप वर गेलाच नाही, शहराच्या कडेकडेनं फिरत राहिला. आणि शहर तर त्याच वर्षांत सुटल्यासारखं वाढत होतं. दौलताबाद रोडला रोज नवा पाया खोदलेला दिसायचा. माणसांच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, पण बांधकामावर टँकर रिकामे व्हायचे. स्लॅबवर मारलेलं पाणी जिथं झिरपायचं तिथं बोटभर हिरवं उगवायचं. तेवढ्या हिरव्यासाठी अण्णा मेंढरं अर्धवट बांधलेल्या घरांमधून फिरवायचे. फळ्या, सळया, खिळे, फुटक्या बाटल्या. जनावरं जपून पाय टाकतात. अण्णांच्या पायांना आता काही कळतच नव्हतं.

"शुगर आहे," डॉक्टरांनी सांगितलं, "आणि बरीच वर्षं असणार. पायाची संवेदना गेली आहे." अण्णांना ते पटलं नाही. "च्यात पडती तेवढीच साखर खाल्ली म्या जल्मात," ते म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. खिळ्याचं भोक एवढंसं होतं, ते मोठं होत गेलं. वर्ष उलटून गेलं तरी बुजेना. कधी वाटायचं जखम भरत आली, कडेनं गुलाबी दिसायची. मग अण्णा दोन दिवस कळपामागं चालायचे आणि ती पुन्हा तोंड उघडायची. रुपयाएवढी होती ती हळूहळू पुरीएवढी झाली. ड्रेसिंगला मी मोटरसायकलवर बसवून नेलं की येताना ते म्हणायचे, "झालं ना? मंग सोड मला माळावर." मी रस्त्यात गाडी थांबवून भांडत असे. लोक बघायचे.

शेवटी एका सर्जननं जखमेत सळई घालून बघितली, ती हाडाला टेकली, आणि त्यांनी सांगितलं की गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. माय तेव्हा दारात उभी होती. अण्णांनी एकच विचारलं, "लाकडी पायानं मेंढरामागं चालता येतं का?" सर्जन म्हणाले, सपाट रस्त्यावर येईल. अण्णा म्हणाले, "मेंढरं रस्त्यावर चरत नाय साहेब."

म्हणून मग आम्ही जालना रोडवरच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टर न भरणाऱ्या जखमांवर स्टेम सेलचा उपचार करून बघत होते. अजून सगळीकडे सुरू झालेला नव्हता, तपासून बघायचं काम चालू होतं, त्यामुळे निवडलेल्या रोग्यांना खर्च नव्हता. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "ताई, हा जादूचा प्रयोग नाही. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. आम्हीही शिकतोय. आणि एकदाच करता येईल." मला तो माणूस तिथंच आवडला. गुण येणारच असं छातीठोक सांगणारे मी तोवर बरेच पाहिले होते.

अण्णांना आणि मायला समजावून सांगायचं काम अवघड होतं. डॉक्टर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाबा, तुमच्या कंबरेच्या हाडातून थोडा मगज काढायचा. त्यात काही पेशी अशा असतात की त्या अजून काहीच झालेल्या नसतात. कातडीचं काम सांगितलं तर कातडीचं करतील, रक्ताच्या नळीचं सांगितलं तर नळीचं. मशीनवर घुसळून त्या वेगळ्या काढायच्या. काही पोटरीत टोचायच्या, काही पातळ जेलमध्ये मिसळून जखमेवर पसरायच्या. मग झाकून ठेवायचं. आठवडाभर पट्टी सोडायची नाही आणि पाय जमिनीला लावायचा नाही." मी शाळेत विज्ञान शिकवते. मूलपेशी हा शब्द मी फळ्यावर कितीदा तरी लिहिला असेल. पण माझ्या आधी माय बोलली, "म्हंजी इरजनच की. इरजन लावलं की भांडं हालवायचं नाय." डॉक्टर हसले. म्हणाले, "बरोबर, आजी. भांडं हलवायचं नाही."

मगज काढायच्या दिवशी अण्णा पालथे पडून होते. कंबरेत सुई घातली तेव्हा त्यांचा चेहरा वाकडा झाला, पण नंतर सिस्टरला म्हणाले, "जल्मभर मटनातल्या नळ्या म्या फोडल्या, आज माझी फोडली." सिस्टर हसता हसता ट्रे पाडणार होती. संध्याकाळी त्यांना घरी आणलं तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला होता. खिडकीपाशी खाट टाकली, पायाखाली उशा रचल्या. कळप चुलत्याच्या हवाली केला होता, तो लासूर स्टेशनच्या पुढं गेला होता. माय आमच्याकडंच राहायला आली.

आम्ही सगळे अण्णांवर पहारा ठेवून होतो. आमची सगळी भीती एकच, की हा माणूस उठून चालेल. नवऱ्यानं त्यांच्या चपला कपाटावर ठेवल्या. काठी मी गच्चीवर नेऊन टाकली. एकदा भर दुपारी दौलताबाद रोडवरून दुसऱ्या कोणाचा तरी कळप गेला. घंटा ऐकू आल्या, धूळ खिडकीपर्यंत आली. अण्णांनी मान वर करून बघितलं. मी स्वयंपाकघरातून धावत आले, हातात पीठ तसंच. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नाय उठत गं बाई. तुज्या डोळ्यांचं भ्या वाटतं." ते खरंच उठले नाहीत. आठ पावलांवरच्या न्हाणीघरातसुद्धा नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून एका पायानं जात. त्या दिवसांत त्यांचा मला फार अभिमान वाटला. चालण्याशिवाय दुसरं काही येत नसलेला माणूस निमूटपणे बसून राहिला होता.

मायकडे मात्र आमच्यापैकी कोणाचं लक्ष गेलं नाही.

मायच्या हाताला गुण आहे, असं आमच्या साऱ्या माणसांत म्हणत. लांडग्यानं फाडलेली मेंढी, काटेरी तारेत अडकलेलं कोकरू, खुरात किडे पडलेला एडका, सगळं तिच्याकडे यायचं. ती मांडी घालून बसायची, जनावराचं डोकं मांडीवर दाबून धरायची, जखम उघडी करून वाऱ्यावर धरायची. वर साका, म्हणजे चिकट थर, धरलेला दिसला की तो पुसून काढायची. मग सीताफळाचा पाला दगडावर वाटून त्याचा लगदा भरायची. त्याच्या उग्र वासानं अळ्या बाहेर पडतात. दुसऱ्यांच्या मेंढवाड्यांवरून लोक जनावर खांद्यावर टाकून आणत. ती कोणाला नाही म्हणाली नाही. झाकलेली जखम तिच्या हिशेबी वाईट. आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि माशी बसली की आतून पोखरतं.

आणि आता ती माझ्या पांढऱ्या फरशीच्या घरात बसून होती. मेंढरं नाहीत, चूल नाही, पाण्याला जायचं नाही. मी तिला गॅसला हात लावू देत नसे, कारण एकदा तिनं बटण चालू ठेवलं होतं. ती भाजी निवडायची, पुन्हा निवडायची, आणि मग अण्णांच्या पायाशी खाली बसून त्या पट्टीकडे बघत राहायची. रोज तेच. पट्टीवर पिवळट ओल आली तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, होतं तसं, काळजी नको, हात लावू नका. मी मायला तसं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय."

आठवडा संपायला अजून काही दिवस होते. शाळा सुटल्यावर मी घरी आले, आणि दारातच वास आला. सीताफळाचा वाटलेला पाला. लहानपणीचा वास तो, चुकणं शक्यच नाही. आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला सीताफळाचं झुडूप होतं. दुष्काळात सगळं करपलं तरी ते हिरवं होतं, कारण त्याला शेरडूमेंढरू तोंड लावत नाही. मी आत गेले. पाट्यावर हिरवा लगदा, पाण्याचं भांडं, आणि कोपऱ्यात जुनी पट्टी गुंडाळून ठेवलेली. अण्णांच्या पायाला मायच्या जुन्या लुगड्याची स्वच्छ धुतलेली चिंधी बांधलेली होती. माय ओट्याजवळ उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, पण बोटं हिरवी झालेली मला दिसली.

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून अण्णा म्हणाले, "म्या सोडली. लई खाज सुटली व्हती."

मी जागच्या जागी उभी राहिले. ज्या पायाला खिळा कळला नाही, त्या पायाला खाज सुटली होती. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी पाला तोडून आणला होता, पाट्यावर वाटला होता. इतकं कच्चं खोटं मी माझ्या वर्गातल्या पोरांकडूनही ऐकलं नव्हतं. आणि तरी मला ओरडता येईना. मी रिक्षा आणायला धावले.

रिक्षात अण्णांना मागं आडवं बसवलं, माय आणि मी त्यांना धरून, नुकताच कामावरून आलेला नवरा ड्रायव्हरशेजारी. निघायच्या आधी मायनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "माशी आत गेली. डोळ्यानं बघितली म्या. पट्टीच्या कडंनं आत गेली आन बाहीर आलीच नाय. मंग सोडली. तर वर पिवळा साका आलता, चिकट. पुसून काढला." तिला अजून वाटत होतं की बरं केलं, फक्त न विचारता केलं. तो पिवळा चिकट साका म्हणजेच डॉक्टरांनी पसरलेलं जेल होतं. मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. पण माझा चेहरा तिनं वाचला असणार, कारण सगळ्या रस्ताभर ती पदराखाली बोटं पुसत राहिली.

डॉक्टरांनी चिंधी सोडली. आतला हिरवा लगदा बघून त्यांचे कान लाल झाले. बराच वेळ ते सलाइनच्या पाण्यानं जखम धूत राहिले. मग विचारलं, "पट्टी कोणी सोडली?"

"म्या," अण्णा म्हणाले. "खाज सुटली व्हती."

डॉक्टरांनी पेनाचं टोक त्यांच्या तळव्याला लावलं, दाबलं. "कळतंय का, बाबा?"

"काय?"

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवला. त्यांची नजर मायकडे गेली, तिच्या पदराखालच्या हातांकडे गेली, आणि परत जखमेवर आली. "बरं," ते म्हणाले. "पुन्हा खाज सुटली तर आधी मला फोन करायचा." त्या माणसाला राग आला नव्हता असं नाही. किती दिवसांची त्याची मेहनत पाट्यावरच्या पाल्याखाली गेली होती. पण तो एवढंच बोलला, आणि मी त्याचे उपकार विसरलेली नाही.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला सांगितलं की जखमेवरचं सगळं गेलं. पोटरीत टोचलेलं आहे, त्याचा काय उपयोग होतो ते बघायचं. मी विचारलं, "हे झालं नसतं तर पाय वाचला असता?" ते म्हणाले, "मला माहीत नाही, ताई. ज्यांची पट्टी कोणी हलवली नाही, त्यांच्यातही काहींचा गेलाय. खरंच माहीत नाही." त्या वेळी मला त्यांचा हा प्रामाणिकपणा नकोसा झाला. कोणावर तरी ठपका ठेवता आला असता तर बरं झालं असतं, किंवा कोणावरच नाही असं ठाम कळलं असतं तरी.

पुढचे काही आठवडे आशेचे गेले. पोटरीतलं काम करत होतं की काय, जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. पाय गरम लागू लागला. डॉक्टर दर खेपेला फोटो काढायचे. माय मात्र त्या दिवसापासून पायाच्या बाजूला फिरकेना. अण्णांना जेवायला द्यायची, डोक्याला तेल लावायची, पण कमरेच्या खाली बघायची नाही. मी ड्रेसिंग उघडलं की ती उठून गॅलरीत जायची. तो साका नव्हता, ते औषध होतं, हे तिला कोणी सांगितलं मला ठाऊक नाही. तिचं तिनंच ओळखलं असेल.

एकदा दवाखान्यात लासूर स्टेशनचा एक धान्याचा व्यापारी भेटला. त्याच्यावरही तोच उपचार झाला होता, आमच्या आधी. घोट्यावरची त्याची जुनी जखम पूर्ण भरली होती. तो बूट घालून आला होता, मुद्दाम डॉक्टरांना दाखवायला, आणि सगळ्यांना पेढे वाटत होता. "माझ्या बायकोनं कुणाला हात लावू दिला नाय," तो कौतुकानं सांगत होता. त्याचा काही दोष नव्हता. मायनं पेढा घेतला. आमचा नंबर येईपर्यंत, आत जाऊन येईपर्यंत, घरी पोचेपर्यंत तो तिच्या मुठीतच होता. घरी आल्यावर तिनं हात धुतला.

मग एका सकाळी करंगळी काळी दिसली. दोन दिवसांत शेजारचं बोट. ताप चढला, जखमेला वास सुटला, आणि डॉक्टरांनी या वेळी बघूया म्हटलं नाही. अण्णांनी सर्जनच्या हातात पाय असा देऊन टाकला जशी विकलेली मेंढी देतात, तिच्याकडे न बघता. ऑपरेशनला नेताना मी त्यांचा हात धरला होता. मला म्हणाले, "रडू नको. तुज्या फरशीवर आता एकच चप्पल घाण करील." मी रडता रडता त्यांना चापट मारली.

गुडघ्याखाली पाय गेला. ते चार दिवस मायनं काय खाल्लं, कधी झोपली, मला सांगता येणार नाही. वॉर्डात ती खाटेच्या उशाशी बसायची, नेहमी उशाशीच. पायाच्या बाजूला चादर सपाट पडलेली असायची तिकडे पाठ करून. एकदा मी तिला जेवणाचा डबा दिला तर म्हणाली, "म्या कापला त्यायचा पाय. डाक्टरनं नाय कापला." मी तिला समजावलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, की न सोडता सुद्धा जाऊ शकला असता. ती ऐकून घ्यायची. माझ्या शिक्षणाचा तिच्यापुढं कधीच काही उपयोग झाला नाही, तेव्हाही झाला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर ड्रेसिंगला आली. तिच्याबरोबरची मदतनीस दुसरीकडं गेली होती. ती मायला म्हणाली, "आजी, पाय जरा उचलून धरा, मला खालून पट्टी फिरवायची आहे."

माय मागं सरकली. "नको, बाई. माजा हात नको."

मी उठले. अण्णांनी हातानंच मला थांबवलं. ते मायकडे बघत होते. माय खाली बघत होती, आणि तसंच खाली बघत ती बोलायला लागली. मला आणि सिस्टरला विसरूनच.

"त्या दिशी तुमी निजले व्हते. म्या सोडली पट्टी. तुमाला ठावंबी नाय."

"जागा व्हतो," अण्णा म्हणाले.

तिनं मान वर केली.

"पाला वाटू लागली तवाच वास आला," ते म्हणाले. "डोळे मिटून पडलो व्हतो."

"मंग माजा हात कामून नाय धरला?"

सिस्टर हातात पट्टीचा गुंडाळा घेऊन तशीच उभी होती.

"कशाला धरायचा?" ते म्हणाले. "मला बी बरंच वाटलं. म्हणलं, आता हिनं हात लावला, आता गुण येतो."

ते खरंच जागे होते का, हे मला आजही माहीत नाही. खाज सुटली म्हणणारा माणूस हेही म्हणू शकतो. मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. पण तेव्हा मी खिडकीकडं तोंड केलं.

मायला रडू आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ती भडकली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला इतक्या मोठ्यांदा ती बोलली. "आन मंग डाक्टरपुढं खोटं बोलले? येवडे दिस मला जाळलं? जागे व्हते तर तोंडानं बोलायला काय झालतं?" सबंध आयुष्यात मी तिला अण्णांवर असं ओरडताना ऐकलं नव्हतं. माझा हा स्वभाव कुणाकडून आला ते मला त्या दिवशी कळलं.

"त्यो तुला बोलला असता," अण्णा म्हणाले. "मला बोलला तर काय व्हतंय."

मायनं पदरानं तोंड पुसलं.

"धर आता," अण्णांनी गुडघ्याखालचा उरलेला पाय चादरीबाहेर काढला. "ती पोरगी कवाची हुबी हाय."

मायनं पदर खोचला. खाटेला वळसा घालून ती पायाच्या बाजूला गेली, दोन्ही हात खाली घातले, आणि त्यांचा पाय उचलून धरला.